सात किलो चारशेची चिमूट

२ फेब्रुवारी

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत, हे हाताच्या सवयीनं लिहून गेले. तुला ते नको होतं. जाताना तू फ्रिजवर लावलेली चिठ्ठी अजून तिथंच आहे : ‘चिमूटची खबर या पत्त्यावर कळवत जा. बाकी काही नको.’ दीड वर्षात मी तुला चार कार्डं पाठवली आणि चारही वेळा ‘चिमूट मजेत’ एवढंच लिहिलं. आज खबर मोठी आहे, म्हणून कागद घेतला.

चिमूट सात किलो चारशे ग्रॅम भरली.

लस टोचायला घेऊन गेले होते. तुझ्या वेळचे म्हातारे डॉक्टर आता बसत नाहीत, त्यांच्या जागी एक डॉक्टरीणबाई आल्यात. बारीक चणीच्या, कापलेल्या केसांच्या, बोलण्यात फटकळ. त्यांनी चिमूटला टेबलावर घेतलं, काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला आणि मला विचारलं, “हिचं नाव काय म्हणालात?”

“चिमूट.”

“कोणी ठेवलं?”

“मुलीनं. लहान होती तेव्हा. म्हणजे मांजर लहान होती.”

“आता बदला. पायली ठेवा.”

मला हसू आलं, मग वाईटही वाटलं. कार्डावर तू शेवटची नेलीस तेव्हाचा आकडा आहे : चार किलो आठशे. म्हणजे अठरा महिन्यांत दोन किलो सहाशे वाढ. मी वजनमाप खात्यात सव्वीस वर्षं काढली. माझी जीप बाजारात शिरली की दुकानदार तराजू पुसायला घेतात. पाच ग्रॅमची लबाडी मला लांबून कळते आणि माझ्याच सोफ्यावर अडीच किलो वाढले ते दिसले नाहीत! रोज दिसणारी गोष्ट दिसत नाही, हे मी इतरांना सांगत आले होते.

बाईंनी मला फासळ्या चाचपायला शिकवलं. स्वतःचा तळहात उघडा धरायचा आणि बोटांच्या मुळाशी दुसऱ्या हातानं दाबून पाहायचं. हाड लागतच नाही, नुसता गुबगुबीतपणा. तशी आत्ता चिमूट आहे. मग हात पालथा करायचा आणि तीच हाडं वरून चाचपायची. हलकीच लागतात, पण लागतात. तशी ती व्हायला हवी. मी दिवसभर ऑफिसात हात उलटासुलटा करत बसले होते. शिपाई म्हणाला, बाई, हात दुखतोय का?

तर आता बेत असा. कोरडं खाणं दिवसाला पन्नास ग्रॅम, मोजून, चार वेळांत वाटून. वाडग्यात ओतायचं नाही. थोडं जिन्याच्या पायऱ्यांवर, थोडं खुर्चीखाली, म्हणजे शोधायला तिला चालावं लागेल. सकाळ-संध्याकाळ दहा दहा मिनिटं दोरीशी खेळ. आणि आठवड्याला सत्तर ग्रॅमपेक्षा जास्त उतरता कामा नये. हे त्यांनी तीनदा सांगितलं. मी म्हटलं, लवकर उतरलं तर चांगलंच की! त्या म्हणाल्या, “नाही. मांजर म्हणजे माणूस नव्हे. तिला उपाशी ठेवायचं नाही, काहीही झालं तरी.” का, ते विचारायचं राहिलं. बाहेर कुत्री भुंकत होती.

लहान बाळं तोलायचा एक जुना काटा विकत आणलाय. तुझे बाबा त्याच्याकडे बघून म्हणाले, “आता घरातही छापा?” बऱ्याच दिवसांनी थट्टा केली त्यांनी. हे ‘बाकी’त मोडतं, माहीत आहे. पण काटा चिमूटचा आहे, म्हणून लिहिलं.

तुझी,
मावशी

२३ फेब्रुवारी

चि. ठकूस,

आशीर्वाद. तुझं उत्तर नाही, ते अपेक्षितच होतं. पण एक कोडं पडलंय आणि ते सांगायला मला दुसरं कुणी नाही.

तीन आठवडे झाले. एक दाणाही जास्त गेलेला नाही. रोज सकाळी मी पन्नास ग्रॅम मोजते, चार डब्यांत भरते. दुपारचा डबा तुझे बाबा टाकतात, बाकीचे मी. पायऱ्यांवर ती शोधायला जाते खरी, पण जरा तोऱ्यातच, पाहुणी आल्यासारखी. दोन दाणे खाते आणि माझ्याकडे बघते.

वजन : सात किलो चारशे नव्वद. नव्वद ग्रॅम वाढ!

प्रथम काट्यावर संशय घेतला. ऑफिसातून प्रमाणित वजनं आणली, एक किलोपासून दहा किलोपर्यंत चढवून पाहिली, उतरवून पाहिली. काटा चोख. बाजारातले निम्मे काटे इतके चोख नसतात. मग पिशवीवर छापलेल्या आकड्यांवर संशय घेतला आणि त्या कंपनीचं खाणं भिजवून-वाळवून पाहावं की काय, इथपर्यंत आले. तुझे बाबा म्हणाले, “अगं, असतो एखादीचा अंगगुण.” मी म्हटलं, हवा खाऊन कुणी जाड होत नाही. जे वाढलं ते कुठून तरी आत गेलंच पाहिजे.

खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना विचारलं. त्या उखडल्या. त्यांना मांजरांमुळे शिंका येतात, त्या कशाला घालतील! गच्चीचं दार मी स्वतः बंद ठेवते. उंदीर? चिमूट उंदराला उठून जागा देईल.

तेव्हा उरले तुझे बाबा. सरळ विचारलं : “तुम्ही तिला काही देता का?”

ते मागच्या खोलीत त्यांच्या कवळ्या बनवायच्या बाकावर होते. कुणाच्या तरी खालच्या कवळीचे दात घासत होते. वर न बघता म्हणाले, “मी कशाला देऊ? माझं मला पुरत नाही.”

मी विश्वास ठेवला. निरीक्षकानं असा विश्वास ठेवू नये, पण घरात मी निरीक्षक नाही, असं मी समजते.

तरी आजपासून नवा उपाय सुरू केलाय. ऑफिसला जाताना चिमूटला लहान खोलीत ठेवून कुलूप लावते आणि किल्ली बरोबर नेते. पाणी, खाण्याचा वाडगा, रेतीची पेटी, खिडकीतली गादी, सगळं आत आहे. आणि वाढलेले नव्वद ग्रॅम भरून काढायला काही दिवस पन्नासाचे पंचवीस केलेत. आता बघतेच कशी वाढते ती.

त्या खोलीत आता भरपूर जागा आहे. म्हणजे, कपाट नसल्यामुळे. असो.

तुझी,
मावशी

६ मार्च

ठकू,

हे पत्र बसून वाच.

चिमूट जिवंत आहे. आधी तेवढं. दवाखान्यात आहे, उद्या-परवा घरी येईल. चूक माझी.

कोंडल्यावर पहिल्या दिवशी तिनं खाण्याला तोंड लावलं नाही. मला वाटलं, रुसली. पोटात आग पडली की खाईल झक मारत. दुसऱ्या दिवशीही वाडगा तसाच. मी पंचवीसचे पंचवीस ग्रॅम परत मोजले आणि, खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. आता उतरेल, म्हटलं. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर ती गादीवरून उठेना. ओकली होती. कानाच्या आतली कातडी पिवळट दिसली. मी तिला टॉवेलात गुंडाळलं. जिन्यात मागून पावलं वाजली, बघते तर तुझे बाबा, चप्पल उलटसुलट घातलेली. वर्षभरात ते पहिल्यांदा माझ्याबरोबर बाहेर पडले.

डॉक्टरीणबाई मला काय काय बोलल्या ते सगळं लिहीत नाही. बोलल्या ते बरोबर होतं. लठ्ठ मांजर एकदम खायची थांबली की अंगातली चरबी लोंढ्यानं यकृतात उतरते आणि यकृतच बंद पडायला लागतं. म्हणून आठवड्याला सत्तर ग्रॅम. म्हणून उपाशी नाही. ‘का’ हे मी त्या दिवशी विचारलं असतं तर! माझा सगळा जन्म ‘का’ विचारण्यात गेला आणि नेमकं तिथं कुत्री भुंकत होती म्हणून मी निघून आले.

नाकातून बारीक नळी घातली. मग बाई बाहेर येऊन आमच्यासमोर बसल्या.

“कोंडण्याआधी ती काय खात होती?”

“पन्नास ग्रॅम,” मी म्हटलं. “मोजून.”

“पन्नास ग्रॅमवर ती वाढली नसती. आणि तिनं हे कोरडं अन्न असं टाकलंही नसतं. तिला दुसऱ्या कशाची तरी सवय लागलीय. मला खरं कळलं पाहिजे, म्हणजे तेच थोडं देऊन तिला खायला लावता येईल.”

मी तोंड उघडणार तोच शेजारून आवाज आला.

“मासा. उकडलेला. मी देतो.”

मी वळून पाहिलं. तुझे बाबा स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होते.

“किती देता?”

“सगळा.”

“सगळा म्हणजे?”

“ही माझ्यासाठी डब्यात ठेवून जाते तो. मासा, अंडं, कधी चिकन. सगळं.”

“रोज?”

“रोज.”

बाईंनी वही मिटली. त्या आता मांजरांच्या डॉक्टर उरल्या नव्हत्या. त्यांनी तुझ्या बाबांच्या गळ्याकडे पाहिलं. कॉलरमधून दोन बोटं आरपार गेली असती एवढी जागा होती. मग कमरेकडे पाहिलं, म्हणून मीही पाहिलं. पट्ट्याला तीन नवी भोकं होती, अगदी गोल, नीट. कवळीला पाडतात त्या बारीक यंत्रानं पाडलेली.

“आणि तुम्ही दुपारी काय खाता, काका?”

त्यांनी शर्ट ओढून पट्टा झाकला. रात्रीच्या जेवणाला ते ‘दुपारी जड झालं’ म्हणून नुसतं सूप घ्यायचे आणि मला वाटायचं, वय झालं, बरं आहे, हलकं खातात.

घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं. पाच महिने घास अडकतो. आधी ब्रेड अडकायचा, मग मासा. घोटभर पाणी घेऊन उतरवावा लागायचा, मग तोही उतरेना. डबा परत गेला तर मी विचारणार, म्हणून सगळं चिमूटला. ती वाटच बघत असायची.

“मला का नाही सांगितलंत?”

“ठकूच्या आईचं असंच सुरू झालं होतं.”

तुझी आई गेली तेव्हा तू अकराची होतीस. किती आठवतं तुला, मला माहीत नाही. त्यांना सगळं आठवतं. पुढे म्हणाले, “नाव कळलं की ते खरं होतं. तोवर नुसता मासा अडकतोय.” आणि मग : “ठकूला कळवू नकोस. दयेपोटी येईल ती. मला तिची दया नको, तिचा राग चालेल.”

मी हो म्हटलं. आणि आता लिहायला बसले आहे. कारण तो राग त्यांच्या वाट्याचा नाहीच. तो माझ्या वाट्याचा आहे.

कपाट त्यांनी दिलं नाही, ठकू. मी दिलं.

तू आठवडाभर परगावी गेली होतीस. ते दिवसभर बाकावर. जुने कपडे गोळा करणारी गाडी रस्त्यावर उभी होती आणि मी तीन फेऱ्यांत तुझ्या आईचं कपाट रिकामं केलं, चौथ्या फेरीत दोन माणसांनी कपाटही नेलं. तू परत आलीस, खोलीच्या दारात उभी राहिलीस. ‘कुणी?’ एवढंच विचारलंस. मी स्वयंपाकघरात होते, नळ चालू होता. मी सांगणार होते. ते माझ्या आधी म्हणाले, ‘मी दिलं. किती वर्षं ठेवायचं?’ मी नळ बंद केला नाही. तू भांडी आपटावीस तसे शब्द आपटत होतीस आणि मी तीच एक कढई धूत राहिले. नंतर रोज वाटायचं, आज सांगू. मग तू गेलीस आणि चिठ्ठीनं मला सोपं करून दिलं : बाकी काही नको.

का दिलं, विचारशील. तुझ्या बाबांशी लग्न करून मी बारा वर्षं या घरात राहिले आणि त्या कपाटाची किल्ली मला कुणी दिली नाही. कुणी नाहीही म्हटलं नाही. ती खिळ्याला टांगलेली असायची, तू हवी तेव्हा उघडायचीस, दार लावून घ्यायचीस. मला हेवा वाटायचा. गेलेल्या बाईचा हेवा. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही.

मागाहून गाडीवाल्यांच्या गोदामात दोनदा जाऊन आले. काही मिळालं नाही.

गुरुवारी सकाळी दुर्बीण घालून त्यांची अन्ननलिका बघणार आहेत. त्या हॉस्पिटलचा फोन नंबर खाली देते. दयेपोटी येऊ नकोस. पण रागापोटी लांब राहणार असशील, तर राग कुणावर ते आता तुला माहीत आहे.

‘मावशी’ लिहिण्याचा हक्क उरलाय की नाही, ते तू ठरव. आज सहीच करत नाही.

१९ एप्रिल

चि. ठकूस,

तुझं पत्र मिळालं. उघडायला मला दोन दिवस लागले.

आधी खबर. गाठ नाही. तपासणीला पाठवलेला तुकडाही स्वच्छ आला, हे तुला त्यांनी फोनवर सांगितलंच असेल. वर्षानुवर्षं आम्ल वर येऊन नळी आतून आकसली होती. दोनदा फुगा घालून रुंद केली, आणखी एकदा करावी लागेल. परवा अर्धा मासा खाल्ला, वीस मिनिटं लावून, चावून चावून. मी घड्याळ बघत होते तर म्हणाले, “तू समोरून ऊठ आधी. छापा पडल्यासारखं वाटतं.” तुझा फोन आला की मी गॅलरीत जाते. चाळीस मिनिटं बोललात मागच्या रविवारी. कानावर फक्त हसणं आलं, शब्द नाही.

चिमूट सात किलो शंभर. दवाखान्यातच थोडी उतरली होती, तेव्हा बाईंनी उलट वाढवायला लावली. आता आठवड्याला पन्नास-साठ ग्रॅम. कोरड्या खाण्यात बोटभर मासा मिसळतो, तोही मोजून, आणि दर आठवड्याला कणभर कमी करतो. काल कपड्यांच्या टोपलीवर स्वतःहून उडी मारली तिनं. पहिल्या वेळी पडली, इकडेतिकडे बघितलं, दुसऱ्या वेळी चढली. पाचावर यायला वर्ष लागेल, बाई म्हणतात. लागू दे.

तू लिहिलंस, मला माफ करणं तुला जमत नाही. ते मी वाचलं. त्यावर मी काही म्हणणार नाही. पण खाली तू एक प्रश्न विचारलायस : ‘कपाटात काय काय होतं? मला सगळं आठवत नाही. तू शेवटची पाहणारी.’ असा प्रश्न येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मला आठवतं, ठकू. प्रत्येक गोष्ट मी हातात घेतली होती. कोंबून नाही भरली, घड्या घालून भरली.

वरच्या फळीवर दोन लोकरी टोप्या, एक राखाडी, एक विटकरी. विटकरीची वीण अर्धी उसवून पुन्हा घातलेली, लोकर किंचित वेगळी. चष्म्याच्या तीन डब्या, चष्मा एकीतच. उजवी काच जाड. निळ्या फुलांचा झगा, कोपरावर आतून ठिगळ. टाके इतके बारीक की बाहेरून कळू नये. तुझी आई डावखुरी होती का गं? टाके उलट्या दिशेनं गेले होते. बाबांना कधी विचारलं नाही. एक पिशवीभर बटणं. हातरुमाल सात, सगळे पुरुषी, मोठे. एक लाल चप्पल, जोडातली एकच. खालच्या खणात कोऱ्या वह्या, पहिलीच्या पहिल्या पानावर फक्त ‘उद्यापासून’ असं लिहिलेलं आणि पुढे काही नाही.

आणि तपकिरी कोट. त्याच्या डाव्या खिशात चार घड्या घातलेला कागद होता. उघडला. पेन्सिलीनं काढलेलं लहान मुलाचं पाऊल. कागदावर पाय ठेवून बाजूनं रेघ फिरवतात तसं, बुटाच्या मापासाठी. करंगळीपाशी रेघ हललेली, गुदगुल्या झाल्यासारखी. कोपऱ्यात लिहिलं होतं : ‘ठकू. थोडा मोठाच घ्यावा.’

मी ते वाचलं. नीट वाचलं. परत चार घड्या घातल्या, खिशात ठेवला, कोटाची बटणं लावली आणि कोट गाडीत दिला.

हे मी त्या पत्रातही लिहिलं नव्हतं. आता लिहायचं राहिलेलं असं काही माझ्यापाशी नाही.

सगळं पाहिलेली, घडी घातलेली आणि देऊन टाकलेली,
मावशी